सोलापूर जिल्ह्यात माध्यमिकचा वाढता पट: नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, संस्थांचे पदाधिकारी, सरपंच, नगरसेवक आणि आठवी-नववीच्या पालकांकडून वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांत "समजा" म्हणून दिलेले आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. आपल्या केंद्राचे किंवा प्रभागाचे आकडे घालूनच गणित करावे.

पट वाढतोय म्हणजे नेमके काय वाढतेय?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट "पट वाढला" म्हणतो. एक, त्या भागात मुलेच जास्त आहेत. दोन, मुले तेवढीच आहेत, पण कुटुंबे राहायला दुसरीकडे गेली. तीन, मुलेही तीच आणि घरेही तीच, पण पूर्वी सातवी-आठवीनंतर शाळा सोडणारी आता दहावीपर्यंत टिकतात. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यात कायमच्या खोल्या लागतात. दुसऱ्यात एकीकडे खोल्या कमी पडतात आणि दुसरीकडे रिकाम्या राहतात. तिसऱ्यात खोल्यांइतकेच नववीला मागे पडणाऱ्या मुलांना आधार देणारे शिक्षक लागतात.

सोलापुरात दुसरा प्रकार ठळक दिसतो. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहर जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगी, बाळे या बाजूंना पसरत गेले. जुन्या पेठांत आणि गिरण्यांच्या आसपास मोठ्या इमारती असलेल्या शाळा आहेत, पण नवी घरे तिथे होत नाहीत. म्हणून जिल्ह्याची किंवा शहराची एकच बेरीज बघून काहीही ठरवू नये. बेरीज जागच्या जागी असते आणि तेव्हाच एका रस्त्यावरच्या शाळेत एका बाकावर तिघे बसलेले असतात.

हे नियोजन करायचे कोणी?

एकट्या कोणाच्याही हातात ते नाही, आणि खरी अडचण तीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतांश चौथी किंवा सातवीपर्यंत आहेत, काही ठिकाणी आठवीपर्यंत. महापालिकेच्या शाळांचेही साधारण तसेच. पुढची माध्यमिक शाळा बहुधा खासगी संस्थेची असते. अनुदानित शाळेच्या मान्य शिक्षकांचे वेतन शासन देते, पण इमारत उभी करणे संस्थेचे काम. म्हणजे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना "इथे चार खोल्या बांधा" असा थेट आदेश देता येत नाही. त्यांच्याकडे आकडे असतात, मान्यतेचे प्रस्ताव पुण्याच्या विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे पाठवण्याचा अधिकार असतो, आणि संस्थांना एका टेबलाशी बसवण्याची ताकद असते. ही तिसरी गोष्ट सगळ्यात कमी वापरली जाते.

पुढच्या तीन वर्षांचा अंदाज कसा काढायचा?

वर्गोन्नतीच्या प्रमाणावरून. पद्धत सोपी आहे, वही आणि कॅल्क्युलेटर पुरतो. यंदा सहावीत असलेली मुले तीन वर्षांनी नववीत असणार, ती आत्ताच वर्गात बसलेली आहेत. प्रश्न एवढाच की शंभरातली किती पुढे पोहोचतात आणि बाहेरून किती येतात.

आधी परिसर ठरवा: एक माध्यमिक शाळा नव्हे, तर एकमेकींना मुले देणाऱ्या-घेणाऱ्या सगळ्या शाळांचा गट. मग मागच्या चार-पाच वर्षांचे इयत्तावार पट मांडा आणि पुढच्या वर्षीच्या आठवीला आधीच्या वर्षीच्या सातवीने भागा. समजा २०२२-२३ ला सातवीत ६१० मुले होती आणि २०२३-२४ ला आठवीत ६२८, तर प्रमाण १.०३. आठवीच्या ६२८ पैकी नववीत ६२२ दिसली, प्रमाण ०.९९. असे किमान तीन वर्षांचे प्रमाण काढून सरासरी घ्या.

आता यंदा सहावीत ७०० मुले आहेत असे धरू. सहावी ते सातवीचे प्रमाण १.०२ असेल तर पुढच्या वर्षी सातवीत ७१४. त्याला १.०३ ने गुणले की आठवीत ७३५, आणि ०.९९ ने गुणले की नववीत ७२८. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने वर्गखोलीमागे ४० विद्यार्थी हा निकष घातला होता, तो धरला तर १९ तुकड्या. आज नववीत ६४० मुले आणि १६ तुकड्या असतील तर तीन तुकड्यांची तयारी आजच सुरू करायला हवी.

हे गणित तीन ठिकाणी हमखास बिघडते.

एकाच शाळेचे प्रमाण काढणे ही पहिली चूक. पाचवी ते दहावीच्या हायस्कूलमध्ये आठवीला आसपासच्या सातवीपर्यंतच्या शाळांची मुले येतात. त्या एका शाळेचे सातवी ते आठवी प्रमाण दीडपट निघेल, पण ती वाढ नव्हे, फक्त दार बदलले.

दुसरी चूक, वेगळी वर्षे सरासरीत धरणे. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. कोरोनाच्या दोन वर्षांची प्रमाणे वगळा. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, आणि पुनर्परीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात राहू शकते. त्यामुळे आठवी ते नववीचे जुने प्रमाण डोळे झाकून पुढे नेऊ नका.

तिसरी चूक लहान वाटते पण महाग पडते. प्रत्येक टप्प्यात ०.०२ ची चूक झाली तर तीन टप्प्यांत ती सहा टक्क्यांच्या आसपास जाते. ७२८ वर सहा टक्के म्हणजे ४४ मुले, अख्खी एक तुकडी. म्हणून अंदाज एका आकड्यात न देता "१९ तुकड्या, फार तर २०" असा द्यावा आणि दर ऑक्टोबरला नव्याने काढावा.

नववी ते दहावीचे प्रमाण नेहमी कमी का येते?

नववीत नापास होणे, मुलींची लग्ने, कामाला लागणे ही कारणे आहेतच. शिवाय काही ठिकाणी दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलाला शाळेतून काढून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात. मूल खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसते आणि पटावरून नाहीसे होते. अशा परिसरात प्रमाण ०.९० च्या खाली दिसेल. ते "नैसर्गिक" मानून दहावीच्या खोल्या कमी धरणे म्हणजे गळतीवरच शिक्कामोर्तब करणे. नियोजनात हे प्रमाण हेतुपुरस्सर वरचे धरावे. नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिकपर्यंत सगळ्या मुलांना शाळेत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. खोलीच नसेल तर मूल परत आणून बसवायचे कुठे?

जन्मनोंदीवरून दहा-बारा वर्षांचा अंदाज काढता येतो का?

येतो, पण सोलापूर शहराच्या नोंदी तशाच उचलल्या तर फसगत होते. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, कुटुंब राहते तिथे नव्हे. शहरातल्या शासकीय आणि खासगी रुग्णालयांत अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूरच्या, तुळजापूरकडच्या आणि सीमेपलीकडे इंडीकडच्याही बायका बाळंतपणाला येतात. त्यात पहिले बाळंतपण माहेरी. मूल सोलापुरात जन्मते, सव्वा महिन्याने वडिलांच्या गावी जाते, आणि कागदावर मात्र शहराचे राहते.

त्यापेक्षा अंगणवाडीची नोंदवही आणि पहिलीसाठी शाळा काढतात ती दाखलपात्र मुलांची यादी भरवशाची, कारण ती घरोघर फिरून केलेली असते. पहिलीत आलेले मूल आठ वर्षांनी नववीत असते. एवढ्या लांबचा अंदाज तुकड्या ठरवायला वापरू नये, जागा राखून ठेवायला वापरावा.

यू-डायस (केंद्र सरकारची शाळा-माहिती प्रणाली), सरल (राज्याची विद्यार्थी-नोंद प्रणाली) आणि हजेरीपट, तिन्हींत वेगळे आकडे असतात. कोणता धरायचा?

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते, त्यामुळे पदांसाठी तो आकडा निर्णायक. त्यात आधार वैध नसलेली मुले अडकतात. नावातली वेलांटी किंवा जन्मतारखेचा एक आकडा चुकला तरी मूल वर्गात असून मोजणीत येत नाही. एका मोठ्या शाळेत अशी १५-२० मुले राहिली तर एक पद हातचे जाऊ शकते. जुलैतच यादी काढून पालकांना आधार केंद्रावर पाठवावे, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे रांगा लागतात.

यू-डायसमध्ये शाळा बदललेले मूल जुन्या शाळेने सोडल्यावर ड्रॉप बॉक्समध्ये जाते आणि नव्या शाळेने ओढून घेईपर्यंत तिथेच राहते. त्या काळात ते कुठल्याच शाळेत दिसत नाही. आपल्या जिल्ह्याच्या शाळांचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक २७३० ने सुरू होतो. मूल नेमके कुठून आले हे कळत नसेल तर जुन्या शाळेच्या क्रमांकाचे पहिले चार अंक बघा, बाहेरच्या जिल्ह्यातून किती आले ते लगेच वेगळे काढता येते.

खोल्यांसाठी मात्र नोव्हेंबरची प्रत्यक्ष हजेरी बघा. त्याचे कारण पुढे ऊसतोडीच्या प्रश्नात दिले आहे.

कुंभारीच्या रे नगरसारखी मोठी वसाहत झाली तर?

अशा ठिकाणी मागच्या वर्षांचे प्रमाण चालतच नाही, कारण मागे काही नव्हतेच. दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीला ३०,००० घरांची कामगार वसाहत उभी राहते आहे, त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ ला झाले. तिथे उलटे गणित करावे लागते, घरांवरून मुलांकडे.

समजा १५,००० घरांत सरासरी साडेचार माणसे, म्हणजे ६७,५०० लोकवस्ती. एका वयाची मुले लोकसंख्येच्या १.७ टक्के धरली तर एका इयत्तेला सुमारे ११५०, नववी-दहावी मिळून २३००. चाळिसाने भागले तर ५८ तुकड्या. आता यातली ६० टक्केच घरे भरली असतील तर हाच आकडा ३५ वर येतो. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे दोन-तीन अख्ख्या शाळा. म्हणून इथे टक्केवारीवर न विसंबता घरांची मोजणी दर सहा महिन्यांनी करायला हवी: किती घरांत दिवा लागतो, किती ठिकाणी विजेचे बिल येते, किती घरांत १० ते १४ वयाची मुले आहेत.

आणखी एक गोष्ट अशा वसाहतींत नेहमी घडते. घर कुंभारीला आले तरी मूल वर्ष-दोन वर्षे शहरातली जुनी शाळाच धरून राहते, विशेषतः आठवी-नववीतले, कारण दहावी जवळ आलेली असते. लहान भावंड मात्र जवळच्या शाळेत घालतात. त्यामुळे प्राथमिकचा दाब आधी येतो, माध्यमिकचा तीन-चार वर्षांनी. पहिल्या वर्षी माध्यमिकला गर्दी दिसली नाही म्हणून फाइल बाजूला ठेवली की चौथ्या वर्षी धांदल उडते.

माध्यमांचे काय? मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू, इंग्रजी अशा सगळ्या शाळा आहेत.

सोलापुरात माध्यम सोडून केलेले नियोजन कागदावरच राहते. वरचे ७२८ घ्या. त्यात मराठी ५२०, उर्दू ९८, इंग्रजी ६५, कन्नड ४५ असतील तर तुकड्या होतात १३, ३, २ आणि २, म्हणजे एकूण २०. बेरजेवरून १९ निघाल्या होत्या. लहान माध्यमांच्या तुकड्या अर्ध्या भरलेल्या राहतात, आणि ते मान्य करायलाच हवे. कन्नड माध्यमाच्या पाच मुलींना "मराठीत घाला" म्हणणे सोपे, पण आठवीनंतर माध्यम बदललेले मूल विज्ञान आणि इतिहासात अडखळते आणि बऱ्याचदा शाळाच सोडते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरमध्ये कन्नडची, शहराच्या पूर्व भागात तेलुगूची गणना वेगळी ठेवा.

मराठीतून सेमी-इंग्रजीकडे जाणे मात्र खोल्यांचा प्रश्न नसून शिक्षकांचा आहे.

नवी खोली बांधायची तर किती जागा, काय काय लागते?

२५ बाय २० फुटांची खोली ५०० चौरस फुटांची होते. ४० मुलांना प्रत्येकी साडेबारा चौरस फूट येतात, दोन आसनी २० बाके बसतात आणि मधून शिक्षकाला फिरता येते. तिथेच ६५ मुले बसवली की बाके भिंतीला टेकतात, मागच्या रांगेतले मूल फळ्याकडे येऊच शकत नाही. एप्रिलच्या सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली अशी खोली अकरा वाजल्यानंतर शिकवण्याजोगी राहत नाही. पत्रा घालायचाच असेल तर उंची वाढवा आणि समोरासमोर खिडक्या ठेवा.

खोली वाढली की स्वच्छतागृहही वाढायला हवे, हे अंदाजपत्रकातून नेमके निसटते. स्वच्छ विद्यालय उपक्रमाच्या निकषात ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या धरल्या आहेत. तीन तुकड्या वाढल्या तर तीन संच, मुलींचे वेगळे, पाण्याच्या टाकीसह. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या भागात टाकी त्या हिशोबाने मोठी हवी.

जिल्हा परिषदेच्या शाळेत जुनी खोली धोकादायक असेल तर आधी तिचे निर्लेखन, म्हणजे ती वापरातून काढून पाडणे, मंजूर करून घ्यावे लागते. नव्या खोलीचा निधी आला आणि जागेवर जुनी खोली तशीच उभी, म्हणून काम वर्षभर अडकल्याची उदाहरणे कमी नाहीत. निधीसाठी दोन रस्ते आहेत: समग्र शिक्षा, ज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देते, आणि जिल्हा नियोजन समिती. दोन्हींच्या मागण्या हिवाळ्यातच तयार असाव्या लागतात.

खोल्या होईपर्यंत दोन पाळ्या चालवाव्यात का?

दोन वर्षांसाठी ठीक, कायमचे नको. सकाळी सात ते बारा आणि साडेबारा ते साडेपाच अशा पाळ्या केल्या तर खोल्या दुप्पट मिळतात, पण प्रयोगशाळा, मैदान आणि नळ तेवढेच राहतात. दहावीला सकाळची पाळी द्या. दुपारच्या पाळीतली मुलगी डिसेंबरात घरी पोहोचेपर्यंत अंधार पडतो, आणि तेवढ्या कारणावरून शाळा सुटते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, तेव्हा आठवी आणि नववी वेगवेगळ्या पाळीत ठेवल्यास मधल्या सुट्टीची वेळ आखणे सोपे जाते.

तुकडी वाढली तर शिक्षक आपोआप मिळतो का?

नाही. मुले जूनमध्ये येतात, मोजणी ३० सप्टेंबरला होते, संचमान्यता त्यानंतर हातात पडते, मग अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन, आणि तरी जागा उरली तर पवित्र पोर्टलवरून भरती. यात एक शैक्षणिक वर्ष सहज जाते, दोनही जातात. तोवर घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन देऊन, शिक्षक घ्यावे लागतात आणि त्याची तजवीज संस्थेने मेमध्येच करावी. गणित-विज्ञानाचा शिक्षक ऑगस्टमध्ये शोधायला गेलात तर मिळत नाही.

संचमान्यतेचे निकष २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने ठरले होते, १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने ते बदलले. प्रस्ताव जुन्या तक्त्यावर केला की परत येतो. नवी शाळा किंवा दर्जावाढ (असलेल्या शाळेला पुढचे वर्ग जोडणे) हवी असेल तर २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली अर्ज करावा लागतो. त्या शाळेला वेतन अनुदान नाही, म्हणजे फी आली. विडी कामगाराच्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या मुलासाठी हा उत्तराचा भाग होऊ शकत नाही. गरीब वस्तीत आधीच्या अनुदानित शाळेची क्षमता वाढवणे किंवा जिल्हा परिषद-महापालिकेच्या शाळेला नववी-दहावी जोडणे, हेच पर्याय धरून चालावे.

विकास आराखड्यात शाळेचे आरक्षण आहे. मग जागेची काळजी कशाला?

आरक्षण कायमचे नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते आणि तिथे इमारत उभी राहते. शिक्षण विभागाने आपल्या परिसरातल्या शाळा-आरक्षणांची यादी नगररचना विभागाकडून घ्यावी, प्रत्येकीपुढे दहा वर्षे कधी भरतात ती तारीख लिहावी आणि बारा वर्षांच्या पटाचा अंदाज जोडून आयुक्तांना द्यावी. त्या पत्राचा उपयोग नोटीस येण्याआधीच होतो.

ग्रामीण भागात वाढ नाही, मग तिथे काय नियोजन?

तिथे प्रश्न अंतराचा. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी असा निकष आहे. सांगोला, मंगळवेढ्यात वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत, आणि गावापासून पाच असले तरी वस्तीपासून आठ होतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. पण पास असून उपयोग नाही, गाडी वेळेवर हवी. शाळा अकराला भरते आणि गाडी साडेअकराला येते, अशा मार्गांची यादी मे महिन्यात आगारप्रमुखांना द्यावी, गाड्यांच्या फेऱ्या जूनआधी ठरतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा पट कसा धरायचा?

३० सप्टेंबरला ती गावात असतात, मोजली जातात. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे मूळ गावात पट भरलेला आणि वर्ग अर्धा, तर कारखान्याच्या आसपासच्या माळशिरस, पंढरपूर, माढ्यातल्या शाळांत पटावर नसलेली मुले. दोन्ही ठिकाणी नोव्हेंबरची हजेरी वेगळी नोंदवा. मूळ गावात हंगामी वसतिगृहाची मागणी सप्टेंबरमध्येच जावी, कारण टोळी निघाल्यावर मूल मागे ठेवायला कोणी तयार होत नाही. नववीतले मूल एकदा कोयत्याला गेले की दहावीला परत येण्याची शक्यता फार कमी होते, म्हणून या गावांत नववीची यादी नावानिशी ठेवावी.

अकरावीचाही विचार यातच करायचा का?

हो, पण गणित वेगळे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि मूल तालुक्याबाहेर सहज जाते. दहावीचा पट धरून जागा काढा, मग शाखावार रिकाम्या राहिलेल्या जागा वजा करा. बऱ्याच ठिकाणी जागा पुरेशा असतात, नको त्या शाखेत असतात.

ज्या शाळा रिकाम्या होत आहेत त्यांचे काय करायचे?

घाईने बंद करू नये. जुन्या शहरातल्या इमारतीत प्रयोगशाळा आहे, मैदान आहे, आणि शिक्षक आहेत. जवळच्या भरलेल्या शाळेची आठवी-नववीची एखादी तुकडी तिथे भरवता येते का, हे आधी बघावे. अंतर दोन-तीन किलोमीटर असेल आणि परिवहनची बस मिळत असेल तर ते जमते. चार रस्ते ओलांडून जावे लागत असेल तर पालक पाठवत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

पालक म्हणून आम्ही काय विचारावे?

मुख्याध्यापकांना चार गोष्टी विचारा: यंदा सहावीत किती मुले आहेत, तीन वर्षांनी नववीच्या किती तुकड्या लागतील, त्यासाठी मान्यतेचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, आणि त्याचा जावक क्रमांक काय. जावक क्रमांक मिळाला की तोच घेऊन शिक्षणाधिकारी कार्यालयात जा. तिथे प्रस्ताव त्या क्रमांकावरून सापडतो.